काकूंचें पित्त

दोन वर्षांपूर्वीं भाद्रपदांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गौरींची पंगत बसली असतां काकूंच्या छातींत जड वाटूं लागलें. वय साठीच्या घरांत, मधुमेह जुना. जबडा दुखत होता, पाठींत कळ येत होती, अंगाला दरदरून घाम सुटला होता. उपाशीपोटीं पित्त खवळलें असें त्यांनीं स्वतःच ठरविलें, आल्याचा रस घेतला आणि पुन्हां वाढावयास उभ्या राहिल्या. इस्पितळांत नेलें तेव्हां झटका येऊन सहा तास लोटले होते. काकू वांचल्या, परंतु हृदयाच्या स्नायूचा कांहीं भाग कायमचा निकामी झाला.

घरांत शिकलेल्यांची उणीव नव्हती. त्याच घरीं वडीलभावांच्या छातींत दुखूं लागतांच साऱ्यांची धांवपळ उडाली होती, हें आम्हीं पाहिलें आहे. हृदयरोग हा पुरुषांचा, अशी सर्वांची समजूत, खुद्द काकूंचीहि! 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या मंडळानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, २०१९ सालीं जगांत निधन पावलेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा ३५ हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनीं गेल्या.

स्त्रियांसहि झटक्यांत बहुधा छातींतच दुखतें. पण त्याच्या जोडीला, कधीं त्याऐवजींहि, धाप, मळमळ, विलक्षण थकवा, जबड्यांत वा पाठींत वेदना अशीं लक्षणें त्यांच्यांत अधिक आढळतात. मधुमेह असल्यास दुखणें अगदीं सौम्यहि असूं शकतें. ऋतुनिवृत्तीनंतर धोका वाढत जातो. शिवाय गरोदरपणीं ज्यांचा रक्तदाब चढला होता किंवा रक्तांतील साखर वाढली होती, त्यांना पुढें हा विकार होण्याचा संभव अधिक असतो. ही गोष्ट बाळंतपणाबरोबर विसरली जाते; डॉक्टरांस ती आवर्जून सांगावी. रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांची तपासणी घरांतील पुरुषांची होते, त्याच दिवशीं स्त्रियांचीहि कां होऊं नये?

असें दुखणें उद्भवल्यास सोडा-ओवा देत बसूं नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनि करून रुग्णवाहिका बोलवावी. इस्पितळांत पोंचल्यापासून दहा मिनिटांत कार्डिओग्राम निघावा असा वैद्यकाचा दंडक आहे. तो घरच्या मंडळींनीं निःसंकोच मागावा. रक्तवाहिनींतील अडथळा जितक्या लवकर दूर होईल, तितका स्नायु वांचतो.

यंदा त्या घरीं काकू पहिल्याच पंगतीला बसल्या. वाढावयास थोरले चिरंजीव होते. कढी थोडी सांडली.