विश्वाचा वेग आणि न्यूट्रिनोची साक्ष

विश्व प्रसरण पावत आहे, हे एडविन हबल यांच्या १९२९ च्या निरीक्षणांनी जगापुढे आले. परंतु त्या प्रसरणाचा वेग किती, या प्रश्नाला आजही दोन उत्तरे मिळतात. सेफीड तारे व अतिनवतारे यांच्या आधारे मोजले, तर दर मेगापार्सेकमागे, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे, तो सेकंदाला ७३ किलोमीटर भरतो. आदिम प्रकाशाचा वेध घेणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या नोंदींवरून तो सुमारे ६७ येतो. मोजमापात गृहीत धरलेल्या त्रुटींहून हा फरक पुष्कळ मोठा आहे.

या वादात न्यूट्रिनोची साक्ष मोलाची ठरते. विद्युतभार नसलेला व अत्यल्प वस्तुमानाचा हा कण विश्वारंभानंतर सुमारे एका सेकंदातच इतर द्रव्यापासून अलग झाला. त्या काळी विश्वाच्या ऊर्जेत त्याचा वाटा मोठा होता. न्यूट्रिनोंचे प्रकार ज्ञात तिनांहून अधिक असते, तर आरंभीचे प्रसरण अधिक वेगाने झाले असते, आदिम ध्वनिलहरींना कमी अंतर कापता आले असते आणि प्लांकच्या नोंदींतून निघणारा वेग ७३ कडे सरकला असता. कल्पना मोहक खरी. तथापि त्याच नोंदी तीनच प्रकारांशी उत्तम जुळतात. केवळ न्यूट्रिनोंची संख्या वाढवून हा पेच सुटत नाही. सोयीचे उत्तरही पुराव्यापुढे बाजूला ठेवावे लागते, हा संस्कार विज्ञानाच्या तासाला व्हावा, असे आम्हांस वाटते.

‘याचा पोटापाण्याला उपयोग काय?’ हा पालकांचा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानत नाही. हातावर पोट असलेल्या घराला तो विचारावाच लागतो. मात्र त्यामुळे मूलभूत विज्ञान ही सुखवस्तूंचीच मिरास ठरू नये. १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर, भारतीय, जपानी व ब्रिटिश शास्त्रज्ञांनी वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंची नोंद केली. जगातील अशा पहिल्या नोंदींत तिची गणना होते. हे क्षेत्र आपल्याला परके नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : नोकरीची वाट दाखवताच, त्याबरोबर पदार्थविज्ञानाची ओढ असलेल्या एका तरी मुलामुलीच्या पदव्युत्तर शिक्षणाचा भार उचला. उत्तराची वाट पाहण्याइतकी सवड गरिबाच्या लेकरालाही मिळाली पाहिजे.