राज्याचा निकाल मानता, तर दुरुस्तीही माना

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
युनायटेड स्टेट्स सेंटेन्सिंग कमिशन, वॉशिंग्टन



सारख्या गुन्ह्याला कोर्टागणिक वेगळी शिक्षा होऊ नये, म्हणून १९८४च्या कायद्याने तुमचे कमिशन स्थापन झाले. पण फेडरल कोर्टात आरोपीच्या जुन्या शिक्षांची बेरीज सुरू झाली की तीच विषमता मागच्या दाराने आत येते.

राज्याच्या कोर्टाने पूर्वी तेरा महिन्यांहून जास्त कैद दिली असेल तर तीन गुण, किमान साठ दिवसांची असेल तर दोन, नुसते प्रोबेशन असेल तर एक. म्हणजे कृत्य तेच असले तरी एका राज्यात चौदा महिन्यांची कैद झालेला आणि शेजारच्या राज्यात प्रोबेशनवर सुटलेला, हे दोघे तुमच्या लेखी सारखे नाहीत. या गुणांवरून श्रेणी ठरते, आणि श्रेणीवरून वर्षे. तुमच्या शिक्षांच्या तक्त्यात चोविसाव्या पातळीच्या गुन्ह्याला पहिल्या श्रेणीत ५१ ते ६३ महिने सुचवले जातात, सहाव्या श्रेणीत १०० ते १२५. सुप्रीम कोर्टाच्या २००५च्या बुकर निकालापासून हा तक्ता बंधनकारक नाही, हे खरे. पण न्यायाधीशांना हिशेब तिथूनच सुरू करावा लागतो.

पूर्वेतिहास पाहूच नका, असे माझे म्हणणे नाही. जास्त गुणांचे कैदी सुटल्यावर पुन्हा पकडले जाण्याचे प्रमाण जास्त असते, हे तुमचेच अभ्यास सांगतात. प्रश्न आहे तो राज्याने स्वतःच मोडीत काढलेल्या कायद्यांचा. ॲरिझोनात थोडासा गांजा सापडला तरी फेलनीचा, म्हणजे गंभीर गुन्ह्याचा, खटला होऊ शकत असे. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी प्रौढांना एक औंसपर्यंत गांजा बाळगण्याची मुभा दिली आणि जुने रेकॉर्ड पुसून घेण्यासाठी अर्जाची सोय केली. पुसलेली शिक्षा तुम्ही मोजत नाही. ज्याला या सोयीचा पत्ताच नव्हता, त्याची मात्र तुमच्या नियमांच्या मुदतीत बसणारी शिक्षा मोजता. कृत्य एक, कायदा एक, फरक फक्त अर्जाचा!

२०२३ मध्ये तुम्ही गांजा बाळगल्याच्या जुन्या शिक्षांबाबत न्यायाधीशांना सूट देण्याची वाट मोकळी केलीत, पण गुण कायम ठेवलेत. ‘करिअर ऑफेंडर’ची, म्हणजे वारंवार गुन्हे करणाऱ्यांसाठीची, कठोर तरतूद काँग्रेसच्या आदेशातून आली आहे, साध्या गुणांचे नियम मात्र तुम्हीच लिहिता. म्हणून दोन मागण्या. राज्याने जे कृत्य गुन्ह्यांतून वगळले, त्याला शून्य गुण द्या, अर्ज असो वा नसो. जिथे राज्याने शिक्षा घटवली, तिथे घटवलेल्या शिक्षेनुसार गुण मोजा.

आपला,
एक मराठीभाषक अमेरिकी नागरिक