नाताळची तयारी आणि औषधाचा डबा

नाताळ आला की आमचे घर भरते. पुण्याहून मुलगा-सून, नाशिकहून लेक-जावई आणि तीन नातवंडे. करंज्या तळायच्या, गव्हाणी मांडायची, चोवीसच्या रात्री सगळ्यांनी मिळून चर्चला जायचे. या चार दिवसांसारखे दुसरे टॉनिक नाही.

गेल्या नाताळात मात्र तीन वर्षांच्या नातीच्या मुठीत माझी मधुमेहाची गोळी सापडली. नाश्त्याआधी घ्यायची म्हणून मीच ती बशीत काढून ठेवली होती. 'आजोबा, गोळी!' ती हसत म्हणाली. नशीब, तोंडात गेली नव्हती. लिमलेटचीही गोळी आणि औषधाचीही गोळीच. लेकराला फरक कसा कळावा?

वाचकहो, ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड यांसारखी एकच गोळी लहान मुलाच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. परिणाम काही तासांनीही दिसतो. मूल खेळते आहे, यावर विसंबू नये. उलटी करवू नये. गोळ्यांचे पाकीट सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.

मुले येणार म्हणून आपण पडदे धुतो, गाद्यांना ऊन देतो. माझे स्पष्ट मत आहे की, औषधे कुलपात ठेवणे हीही त्याच तयारीत मोडते. उशीखालची, पिशवीतली गोळीसुद्धा उचलावी. औषधाला 'खाऊ' म्हणू नये. मात्र गडबडीत स्वतःचा डोस चुकवू नये.

यंदा माझ्या गोळ्या कपाटात, कुलपात आहेत. नातीच्या हाताला लागेल असा फक्त करंज्यांचा डबा ठेवला आहे.