२६ जूनची प्रभातफेरी

परवा कपाट आवरताना शाळेतला एक जुना फोटो सापडला. पावसात भिजलेली नववी-दहावीची मुलं, हातात पुठ्ठ्याचे फलक, त्यांवर कवट्या आणि हाडं. पुढे छत्री घेऊन मी! फोटो १९९० च्या आसपासचा असावा.

संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर १९८७ मध्ये ठराव करून २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन ठरवला. पुढे तो परिपत्रकांतून झिरपत आमच्या शिक्षक-खोलीपर्यंत आला. शाळा उघडून दहा-बारा दिवस झालेले, निम्म्या मुलांकडे पुस्तकं नाहीत, पण प्रभातफेरी वेळेवर. नंतर सभागृहात एका पोलीस अधिकाऱ्यांचं भाषण. गर्द म्हणजे काय, शरीराचे कसे हाल होतात, शिक्षा किती होते. एका मुलाने विचारलं, "याचा वास कसा असतो?" सगळे हसले. मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं.

या विषयावर देशादेशांत सहकार्य खूप आहे. १९६१, १९७१ आणि १९८८ असे तीन मोठे करार झाले. पण त्यांचा सगळा भर माल अडवण्यावर. एक वाट बंद केली की दुसरी उघडते, कारण गिऱ्हाईक जागच्या जागी उभं असतं. गिऱ्हाईकच कमी व्हावं, म्हणजे मागणी घटावी, यासाठीची तत्त्वं सर्व देशांनी मिळून मान्य केली ती थेट जून १९९८ मध्ये, न्यूयॉर्कच्या विशेष अधिवेशनात. तिथेच २००८ हे उद्दिष्टाचं सालही ठरलं होतं. ते आलं आणि गेलं. असो.

मात्र त्यानंतर एक चांगलं काम झालं, ज्याची आपल्याकडे फारशी चर्चा नाही. राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये जगभरातले अभ्यास तपासून, प्रतिबंधाचे कोणते उपाय लागू पडतात आणि कोणते नाही हे छापलं. मी ते वाचलं तेव्हा खरं सांगते, घाम फुटला. नुसती भाषणं, भीती दाखवणं, पोलिसांकडून धडे देणं, यांचा उपयोग दिसत नाही म्हणे. म्हणजे आमचा अख्खा कार्यक्रम!

याउलट आइसलँडचं पाहा. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. गांजा चाखलेल्यांचं १७ वरून ७ वर. त्यांनी काय केलं? मुलांनाच प्रश्नावल्या देऊन विचारलं, की संध्याकाळी असता कुठे, आईबाबांना ते ठाऊक असतं का. मग खेळ, संगीत यांसाठी पैसे दिले, पालकांना एकत्र आणलं, रात्री मुलांनी बाहेर किती वाजेपर्यंत राहायचं याचा कायदा केला. पुढे ही पद्धत त्यांनी इतर देशांतल्या शहरांना शिकवली. मला विचाराल तर खरं सहकार्य हे.

आइसलँडची लोकसंख्या चार लाखांहून कमी, पैसा भरपूर, हे मलाही कळतं. आपल्याकडे २०१९ च्या सरकारी अहवालात अफू, हेरॉइन वगैरे घेणारेच सव्वादोन कोटींच्या वर आहेत. पण विचारायला काय खर्च येतो? आपल्या शाळेतली मुलं संध्याकाळी कुठे असतात, हे एका तरी मुख्याध्यापकाला ठाऊक आहे का? मला नव्हतं.

आमच्या नात्यातला एक मुलगा या वाटेने गेला होता. वाचणाऱ्यांपैकी अर्ध्यांना ठाऊक आहे, नाव लिहीत नाही. उपचार घेऊन तो सावरला. (पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' सुरू केलं, तेव्हा अशा मुलांना घेऊन जायचं कुठे हाच घरोघरी प्रश्न होता.) तो एकदा म्हणाला, "मावशी, तुझ्याच शाळेत होतो ना मी. ते भाषण मला पाठ होतं. पण साडेपाचनंतर आम्ही जायचं कुठे होतं?"

साडेपाचला मैदानाच्या फाटकाला कुलूप लागायचं. काचा फुटतात म्हणून ते लावावं, असा आग्रह शिक्षकसभेत धरणारी मीच होते.

गेल्या आठवड्यात मी आत्ताच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं, की मैदान रात्री आठपर्यंत उघडं ठेवा. त्यांचा फोन आला. म्हणाले, "बाई, दिव्यांचं बिल आणि रखवालदाराचा पगार कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर कळवा, माझे दोन हजार मी काढून ठेवले आहेत.