गुणपत्रिकेचे वाचन

केंद्र आणि परीघ यांची चर्चा मराठीच्या विद्यापीठीय विभागांत गेली काही दशके हिरिरीने चालू आहे. अभिजातांची यादी कोण ठरवतो, कोणाची बोली ‘अशुद्ध’ ठरते, हे प्रश्न आता परीक्षेलाही विचारले जातात. मात्र हेच विभाग संशोधक विद्यार्थी निवडू लागले की ही समीक्षादृष्टी दाराबाहेर राहते. गुणांच्या आधी गुणपत्रिकेच्या माथ्यावरील नाव वाचले जाते. मुंबई (१८५७) वा पुणे (१९४९) येथील साठ टक्के आणि नांदेड (१९९४) वा गडचिरोली (२०११) येथील सत्तर टक्के यांचा हिशेब मनातल्या मनात मांडला जातो, आणि तो बहुधा एकाच बाजूला झुकतो.

कायद्याला हा भेद ठाऊक नाही. पीएच.डी.साठी पंचावन्न टक्क्यांची अट सर्व मान्यताप्राप्त विद्यापीठांना सारखीच आहे. म्हणूनच हा भेद कागदावर कधी उतरत नाही. २०२२च्या विनियमांनी प्रवेशपरीक्षेला सत्तर आणि मुलाखतीला तीस टक्के भार दिला. त्या तीस टक्क्यांत त्याला पुरेशी जागा मिळते.

लहान विद्यापीठांत गुण उधळले जातात, हा नेहमीचा आक्षेप. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु जुन्या विद्यापीठांतील गुणदान काटेकोर असते, हे गृहीतक कोणी तपासले आहे? बाजारी मार्गदर्शिकांतून पाठ केलेली उत्तरे तेथेही तितक्याच उदारपणे स्वीकारली जातात. प्रकाशनसंस्थेच्या नावावरून कादंबरीचे मूल्य ठरवणाऱ्या समीक्षकाला कोणी गंभीरपणे घेणार नाही. निवड समितीत मात्र हीच रीत चोखंदळपणा म्हणून मिरवते.

शिवाय गुण हेही एक विधान आहे, आणि विधानाला संदर्भ असतो. जेथे मराठीची पदे रिक्त आहेत, तासिका तत्त्वावरील एकच अध्यापक चार प्रश्नपत्रिका शिकवतो आणि ग्रंथालयात नियतकालिकांचे अंक येत नाहीत, तेथील सत्तर टक्क्यांचा अर्थ सुसज्ज विभागातील सत्तर टक्क्यांहून कमीच का लावायचा? दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने मागास जिल्ह्यांतील उमेदवारांना प्रवेशात अधिकचे गुण देण्याची पद्धत अवलंबिली होती. स्थान तेथेही मोजले गेले, वजाबाकीऐवजी बेरजेसाठी.

‘नेट’च्या गुणांवर निवड केली की पक्षपात संपेल, असे आता सांगितले जाते. विषयाच्या शंभर बहुपर्यायी प्रश्नांतून ग्रंथ आणि ग्रंथकार यांच्या जोड्या जुळवता येतात की नाही, एवढे कळते. कविता वाचता येते की नाही, हे कळत नाही.

‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक औरंगाबादेतून निघाले. मराठी समीक्षेची परिभाषा बदलणारे कितीतरी लेखन मुंबई-पुण्याबाहेरच्या अशाच ठिकाणांहून आले; त्याचे मोठेपण पुढे सर्व विभागांनी अभ्यासक्रमात नेमून मान्य केले. उमेदवाराचा एखादा निबंध वा लघुप्रबंध, नाव आणि विद्यापीठ झाकून, दोन परीक्षकांनी मुलाखतीपूर्वी वाचावा, एवढी साधी सुधारणा मात्र या विभागांना अजून सुचलेली दिसत नाही. त्याला वेळ लागतो, हे खरे. नाव वाचायला लागत नाही.