सूर्य कचरा उचलत नाही

सौर कचरापेटी म्हणजे पैशांची उधळपट्टी, असं म्हणणाऱ्यांना अमेरिकेतलं फिलाडेल्फिया फार आवडतं. २००९मध्ये तिथे शहराच्या मध्यभागातल्या सुमारे ७०० जाळीच्या टोपल्या काढून कचरा दाबणाऱ्या ५०० ‘बिगबेली’ सौर पेट्या बसवल्या. एकेका पेटीची किंमत चार हजार डॉलरच्या आसपास. टोपल्यांना आठवड्याला १७ वेळा रिकामं करावं लागे, ते ५ वेळांवर येणार होतं. पुढच्याच वर्षी शहराच्या लेखातपासनिसाने ताशेरे ओढले : फेऱ्या ठरल्याइतक्या घटलेल्याच नाहीत. विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

पण हा ठपका नेमका कोणावर? पेटीत दाबणारी प्लेट खाली येते, कचरा दाबते आणि साध्या टोपलीच्या पाचपट माल मावतो. भरत आली की पेटी तसं कळवते. तरीही गाडी जुन्याच वेळापत्रकाने येत राहिली, तर अर्धी भरलेली पेटी उपसली जाणार. त्यात यंत्राचा काय दोष?

‘ढगाळ दिवसांत काय?’ हा आक्षेप तर पोकळच आहे. दाबण्याचं काम काही सेकंदांचं. दिवसभरात त्याला वीज ती किती लागणार? तेवढी बॅटरीत साठते. उलट पॅनेलमुळे फुटपाथ खोदून केबल टाकावी लागत नाही. सूर्याचं श्रेय इथे एवढंच, आणि जाहिरातवाल्यांनी त्याहून जास्त लाटू नये. खरी बचत फेऱ्या घटल्या की वाचणाऱ्या डिझेलची आहे. थांबत-थांबत जाणारी कचरागाडी लिटरला जेमतेम सव्वा-दीड किलोमीटर चालते.

एक तक्रार मात्र रास्त होती. त्या बरबटलेल्या हँडलला हात लावायचा कोणी? पुढे पायाने दाबायचं पेडल आलं, ते बरंच झालं.

मग आपल्याकडेही आणायच्या का? सरसकट नकोत. आपल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला माल. तो सुक्यासकट दाबला की घाण पाणी सुटतं आणि कागद-पुठ्ठा मातीमोल होतो. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक दारातून वेगळा केलेला कचरा घेतात, त्यांच्या पोटावर पाय देणारं यंत्र फुकट मिळालं तरी महागच. रेल्वे स्थानकं, चौपाट्या, बसतळ अशा ठिकाणी, जिथे बाटल्या आणि वेष्टनांचाच ढीग पडतो, तिथे सुक्या कचऱ्यापुरत्या त्या जरूर बसवाव्यात.

तिथेही निविदेत पेट्यांच्या संख्येआधी आठवड्याच्या किती फेऱ्या कमी होणार, तो आकडा लिहावा. पेट्यांचा निरोप आयुक्तांच्या दालनातल्या पडद्यावर झळकून उपयोग नाही. तो मुकादमाच्या मोबाइलवर यावा आणि त्या दिवशीचा गाडीचा मार्ग बदलण्याचा अधिकारही त्यालाच असावा.