हे काम कला शाखेचेही आहे

"आर्ट्स घेऊन काय करणार?" आमच्या गावात भेटेल तो माणूस मला हा प्रश्न विचारतो. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच; त्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारीही माझ्या एकटीवर. आजवर मी हसून वेळ मारून नेली. यंदा मात्र एक उत्तर सापडले आहे, ते वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करते.

माझी ताई आत्याच्याच घरी दिली. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात याचे कोणालाच नवल वाटले नाही. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क! १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही, रूढी असेल तेथे, अशा लग्नाला मोकळीक ठेवली आहे. सोयरीक जुळविताना आपण कूळ पाहतो, देवक पाहतो. देवक एक निघाले तर बैठक मोडते. मामाची मुलगी मात्र या चाळणीतून अलगद सुटते, कारण तिचे कूळ वेगळे. कूळ बापाकडून येते. रक्तातले दोष आईकडूनही येतात. ही गोष्ट आपल्या चाळणीला ठाऊकच नाही.

ताईचा मुलगा सहा-सात महिन्यांचा असताना पांढरा पडू लागला. थॅलेसेमिया निघाला. आता दर तीन-चार आठवड्यांनी त्याला नगरला नेऊन रक्त चढवावे लागते. निदान सांगताना डॉक्टर एवढेच म्हणाले, "नात्यात लग्न केलंत ना, म्हणून," आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावले. बाहेर रांग मोठी होती, त्यांचाही नाइलाज असेल. पण त्या एका वाक्याने दोन घरे तुटली. आत्या म्हणाली, हे सुनेकडून आले. वडील म्हणाले, पोरगी तूच मागितलीस. त्या वर्षी आमच्याकडे भाऊबीज झाली नाही.

डॉक्टरांचे वाक्य खोटे नव्हते, अर्धे होते. उरलेले अर्धे मी विज्ञान शाखेच्या बाईंकडून समजून घेतले. आईबाप दोघेही 'वाहक' असतील तरच असे मूल जन्मते. वाहक स्वतः धडधाकट असतो. त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. परक्या घरातले दोन वाहकही एकत्र येऊ शकतात. नात्यात तो संभव वाढतो इतकेच. वाहक कोण हे रक्ताच्या तपासणीत कळते. पुढच्या खेपेला गर्भाची तपासणीही सुरुवातीच्या महिन्यांत करता येते. करावी की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचे. हे सारे कोणालाही दोष न देता, तासभर समोर बसून सांगणारा माणूस म्हणजे जनुकीय समुपदेशक.

या कामाला 'जेनेटिक कौन्सेलिंग' हे नाव अमेरिकेत शेल्डन रीड यांनी १९४७ साली दिले. त्याचे पहिले पदव्युत्तर शिक्षण १९६९ साली न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात सुरू झाले. आणि मित्रहो, हे वैद्यकीय महाविद्यालय नव्हे! कला, साहित्य, समाजशास्त्र यांसाठी नावाजलेले ते कॉलेज. तेथे अनुवंशशास्त्राच्या जोडीला मानसशास्त्र आणि माणसाशी बोलण्याची विद्या शिकविली गेली.

आपल्याकडे गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यात 'जेनेटिक कौन्सेलिंग सेंटर' हे शब्द आहेत. २०२३ साली सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांची तपासणी करून त्यांना कार्डे द्यायची आहेत. कार्ड छापता येते. पण लग्न ठरलेल्या मुलीला त्याचा अर्थ कोण सांगणार? हा विषय शिकविणाऱ्या संस्था देशात मोजक्याच, आणि त्यांच्या दारावर बहुधा विज्ञानाच्या पदवीची अट.

ही अट मला पटत नाही. जीवशास्त्र मला येत नाही, हे कबूल. पण ते वर्षभर कसून शिकविता येईल. आत्यापुढे सासू म्हणून बोलावे की भाची म्हणून, हे कोणत्या प्रयोगशाळेत शिकविणार? आमच्या पुणे विद्यापीठाने मानसशास्त्र-समाजशास्त्राच्या पदवीधरांसाठी असा अभ्यासक्रम मराठीतून काढावा. मी पहिल्या रांगेत उभी राहीन.

गेल्या मे महिन्यात मी आत्याकडे गेले. दोन वाट्या घेतल्या. प्रत्येकीत एक ज्वारीचा दाणा आणि एक हरभरा टाकला. म्हटले, आत्या, डोळे मिटून दोन्हींतून एकेक उचल. दोन्ही हरभरे आले तर बाळ आजारी. तिने पुन्हा पुन्हा उचलले, दाणे दर वेळी परत वाट्यांत टाकले. मग म्हणाली, "चारातलं एक झालं, आता पुढची तीन बरी निघतील ना?" नाही, म्हटले, दर खेपेला वाट्या नव्याने भरतात.

"ही वाटी तुझ्या ताईची. अन् ही?"

"दाजींची. त्यांचा हरभरा बहुधा तुझ्याकडचा, ताईचा आमच्या दादांकडचा. तुम्हां दोघांना आजी-आजोबांपैकी कोणाकडून तरी आला असेल."

आत्या बराच वेळ वाटीकडे पाहत राहिली. "म्हंजी माझ्याकडूनबी आलं म्हणायचं," ती म्हणाली. मग तिने चारही दाणे वेचून पदराच्या टोकाला बांधले आणि ताईला चहा टाकायला सांगण्याऐवजी स्वतःच चुलीकडे गेली.